सकूची उघाडी

प्रज्योतच्या गावात खाडीच्या बांधाला तीन उघाड्या. उघाडी म्हणजे बांधातली झडप. भरतीला पाडायची, ओहोटीला उचलायची. खारं पाणी बाहेर राहतं, पावसाचं निघून जातं. इतकी वर्षं हे काम बुधाजीकाका हातानं करायचा. यंदा त्याचे गुडघे गेले, म्हणून प्रज्योतनं झडपांना मोटारी बसवल्या आणि घरबसल्या प्रोग्राम लिहिला. बॅटरी एकच, त्यामुळे कोडमध्ये ज्या क्रमानं नावं, त्याच क्रमानं मोटारी चालायच्या.

"पयली सकूची," बुधाजीनं बजावलं होतं. "पाणी आधी तिच्याच तोंडाशी येतं. आन् तिला ताटकळत ठेवलेलं खपत न्हाय."

सकू म्हणजे त्या झडपेपाशी बुडालेली पोर. लग्न ठरलं होतं, झालं नाही. भर दुपारी तिथं बांगड्या वाजतात म्हणे. प्रज्योत हसला, पण क्रम तोच ठेवला.

मग ऑफिसातल्या जागृतीनं मैत्रीखातर कोड नीटनेटकं करून दिलं. म्हणजे एक नियम घातला: नावं अकारविल्हेच हवीत. नसली तर लाल रेघ, आणि सेव्ह करताच नियम आपणहून नावं हलवणार. खाजणी, देवळाची, सकू.

उधाणाला पहिल्या दोन झडपा डुलतडुलत पडल्या. तोवर सकूच्या तोंडातनं समुद्र आत. बुधाजीच्या शेतातली भाताची निम्मी रोपं खारवली.

"जागृती, तो नियम काढ गं. सकू पहिलीच हवी, नाहीतर तिचं भूत रुसतं म्हणे."

"भुतासाठी नियम काढू? पागल है क्या? नाव बदल तिचं, सिंपल. 'अ'वरनं ठेव काहीतरी."

त्यानं 'सकू' पुसून 'अंजली' लिहिलं. नाव सर्रकन वर गेलं. लाल रेघ गायब.

पुढच्या भरतीला ती झडप धाडकन पडली. प्रज्योत खूश. मग त्यानं फोनवर पाहिलं, मोटार अजून सुरूच झाली नव्हती.

त्यानंतर पाऊस जो लागला, तो दुसऱ्या दिवशी दुपारीच थांबला. ओहोटी लागली, दोन झडपा वर गेल्या, अंजली हलेना. शेत सगळं तिच्याच अंगाला उतरतं. उरलेली रोपं नाकापर्यंत बुडालेली. ही ओहोटी चुकली तर कुजणार. प्रज्योत बांधावर धावला. मोटार घुं घुं करतेय, झडप ढिम्म.

"काय केलंस रं?" काठी टेकत बुधाजी आला.

"काही नाही काका. फक्त नाव बदललं."

बुधाजीनं कपाळावर हात मारला. "कुवार पोरीचं नाव कोन बदलतो? नवरा! आता ती तुझी झाली. मशिनीनं हुकूम सोडतोस व्हय? तोंडानं नाव घे तिचं. उखाण्यात."

"काका, मी इंजिनियर आहे."

"मंग इंजिनियरासारका घे."

प्रज्योतनं इकडंतिकडं पाहिलं. बांधावर तिसरं कोणी नव्हतं. झडपेमागं मात्र पाणी श्वास रोखून बसल्यासारखं गप्प होतं. त्यानं घसा खाकरला.

"भरतीला येतं पाणी, ओहोटीला गाळ,
अंजलीचं नाव घेतो, रोपं तेवढी सांभाळ."

पाण्याखाली बांगड्या किणकिणल्या. झडप लाजत लाजत वीतभर वर आली, मग पुरती. शेतातलं पाणी धो धो खाडीत निघालं. रोपांचे शेंडे वर आले. प्रज्योत तिथंच चिखलात बसला.

"मी आत्ता जाऊन जुनं नाव टाकतो," तो पुटपुटला.

झडप हातभर खाली आली.

"सोडचिठ्ठी?" बुधाजी दचकला. "गप! शेत बुडवशील!"

"टाकत नाही, टाकत नाही!"

झडप वर गेली.

"काका, सोमवारी मला ऑफिसला जायचंय."

"जा की. रोज दोनदा ओहोटी लागते, तेवढ्याला येत जा." बुधाजीनं विडी पेटवली आणि जावयाला देतात तशी अदबीनं त्याच्यापुढं धरली. "आन् रोज तोच उखाना नको हां. बायामान्सांना लगेच कळतंय."

प्रज्योतनं विडी घेतली. संध्याकाळच्या भरतीनंतर पुन्हा ओहोटी होती, आणि नव्या उखाण्यासाठी त्याला 'खेकडा'शी जुळणारं काही सुचत नव्हतं.