बुंध्यातलं खालचं दार

आरिफनं पन्हाळ्याच्या हॉटेलासाठी पत्र्याचं झाड करायला घेतलं, तेव्हा त्याचं आणि आपाचं बोलणं जवळजवळ बंद होतं.

नजीरा आपा त्याची थोरली बहीण. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलं. पोलिओनं तिचा डावा पाय आखूड राहिलेला. तरी लंगडत अख्खी गल्ली पालथी घालायची, आणि तोंडाला खंड नसायचा. भंगारातून शिल्पं करायला आरिफनं कारखान्यातली नोकरी सोडली, तेव्हा तिनं दारोदार सांगितलं, "आमचं येडं भंगार जोडत बसलंय!" ते त्याच्या फार जिव्हारी लागलं.

झाड मात्र अजब उतरलं. तांब्याच्या फांद्यांना पानांऐवजी मासे, फळांच्या जागी इवल्या छत्र्या. बुंध्याला बिजागरीची छोटी दारं. एकात ढोलकं बडवणारा बेडूक, दुसऱ्यात चष्मा लावून पेपर वाचणारी म्हैस. पार खाली, मुळांपाशी, एक दार त्यानं स्वतःपुरतं केलं. आत घुबडतोंडी बाई, तिची लांबलचक जीभ मुळाला विळखा घालून लोंबणारी. तेवढ्यावर थांबला असता तर भागलं असतं. पण पुन्हा एकदा भांडण झालं, आणि त्यानं पकडीनं त्या बाईचा डावा पाय आखडून टाकला. एवढं वाकून कोण बघतंय, असं त्याला वाटलं.

उद्घाटनाला हॉटेलमालक सयाजीरावांनी आरिफच्या घरच्यांनाही बोलावलं. आपा शेजारच्या तानाबाईला घेऊन तयारच बसली.

"घाटाचा रस्ता हाय, पाय दुखंल तुझा," आरिफ म्हणाला.

"पाय माझा हाय, माझं मी बघती. माझ्या भावाचं काम हाय ते!"

हॉटेलात आपाला फार वेळ उभं राहवेना. सयाजीरावांनी कौतुकानं खुर्ची आणवली आणि झाडाला लागूनच ठेवली. खुर्चीत बसल्यावर आपाचा हात सहज त्या खालच्या दारावर गेला. आरिफ गर्दीतून पुढं येईपर्यंत तिनं ते उघडलं होतं.

आपा बघत राहिली.

"अगं बया, ही कोण? पाय बघ की तिचा..." तानाबाई बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.

सयाजीराव वाकले आणि खो खो हसत सुटले. "आरिफ, ही कोण रे भवानी?"

आरिफनं दार लावायला हात पुढं केला. तेवढ्यात आपाच मोठ्यानं म्हणाली, "मी की! मीच म्हनलं त्याला, म्हस बसवलीस, बेडूक बसवलास, मग मला न्हाय व्हय? आनि पाय तसाच कर, न्हायतर लोक वळखायचं कसं?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. दाराशेजारी बसवून तिचे फोटो काढले. सगळ्या फोटोंत ती हसली. आरिफला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

परतताना गाडीत तो म्हणाला, "आपा..."

"तानाबाईला घाट लागतोय. गाडी हळू घ्या म्हन ड्रायव्हरला," ती म्हणाली, आणि घरापर्यंत गप्प राहिली. आपा गप्प राहिली, हेच त्याला सोसेना.

दुसऱ्या दिवशी झाडातली ती बाई कापून काढायला करवत घेऊन तो हॉटेलवर गेला. सयाजीराव म्हणाले, "कापायचं कशाला? पावणं तेच दार उघडाय लागल्यात. आणि आपानंच सांगितलंवतं न्हवं?"

वाढपी, स्वयंपाकी, सगळे ऐकत होते. आरिफ म्हणाला, "न्हाय. ती माझी लाज राखाय बोलली. मी रागानं केलतं. तिची थट्टा म्हनून."

सयाजीरावांनी मान फिरवली. "काप," एवढंच म्हणाले.

घरी आल्यावर त्यानं आपाला सांगितलं, ती बाई काढून टाकली, सगळ्यांसमोर खरं बोललो. ती तांदूळ निवडत होती.

"जीभ ऱ्हाऊ दिली असतीस तरी चाललं असतं. मी बोलतीच तशी," ती म्हणाली. मग बराच वेळ हात ताटात नुसताच फिरत राहिला. "पायाचं लागलं रे. तुला कडेवर घिऊन त्याच पायानं फिरली मी."

आपा भिंतीला धरून उठली, तांदूळ धुवायला मोरीकडं निघाली. ताट तिच्या हातातून घ्यावं असं त्याला वाटलं. पण कोणत्या तोंडानं घ्यावं ते कळेना, आणि तो खाली मान घालून तसाच बसून राहिला.