उल्केचा दगड मोजला तेव्हा

मित्रांनो, प्रयोगशाळेच्या तळघरात शिशाच्या जाड भिंतींआड बसवलेला मी एक जुना किरणमापक आहे. दगडामातीतून निसर्गतःच बारीक किरणे निघत असतात. ती माझ्या स्फटिकावर आदळली की आत क्षीण उजेड चमकतो. तेवढा मोजणे हेच माझे काम.

एके दिवशी एक आजी चादरीत बांधलेला काळा दगड घेऊन आल्या. घराचे छप्पर फोडून तो आकाशातून आत पडला होता. खोलीत त्यांची गरोदर सून झोपली होती. ती थोडक्यात वाचली. पण दगडातून विषारी किरणे निघतात, आता बाळ धड जन्मायचे नाही, असा गल्लीभर बोभाटा झाला.

"विहीणबाई तिला न्यायला आल्यात. मूल नकोच म्हणतात," आजी प्रयोगशाळेतल्या बाईंना म्हणाल्या. "काय असेल ते खरं सांगा. वाईट असलं तरी सांगा."

बाईंनी दगड माझ्यापुढे ठेवला. अशा दगडाची किरणे इतकी मंद, की मोजायला कित्येक दिवस जातात. आजी रोज बाहेरच्या बाकावर येऊन बसत. दार वाजले की दचकून उठत. मला घाई करता येत नव्हती.

अखेर आकडे आले.

"आजी, तुमच्या घराच्या विटांतून याहून जास्त किरणं निघतात," बाई म्हणाल्या.

"माझं कोण ऐकतंय? तुम्हीच चला."

बाई तशाच निघाल्या. सुनेला पटले. ती माहेरी गेली नाही. पुढे तिला गोड, धडधाकट मुलगी झाली. गल्लीला मात्र पटले नाही ते नाहीच.

काही वर्षांनी आजी त्या नातीला घेऊन आल्या.

"माझ्यातून किरणं येतात का हो?" तिने विचारले.

बाईंनी तिचा हात बराच वेळ माझ्यापाशी ठेवला, मग स्वतःचा.

"येतात. माझ्यातूनही येतात. सगळ्यांच्याच अंगातून थोडी थोडी येतात, बाळा."

मुलगी विचारात पडली. "मग माझ्याशीच कुणी का खेळत नाही?"

आजींनी तोंड फिरवले.

आता बाई निवृत्त झाल्या आहेत. ओल शिरून माझा स्फटिक पिवळा पडला आहे. मित्रांनो, जमल्यास मला कोरडे ठेवा. पण माझ्याकडे येण्याआधी जरा वर गल्लीत डोकावा. तिथे कुणी एकटी उभी असेल, तर तिला खेळायला घ्या.