पाणी कोमट होतं ना?

मूल पोटातच गेलंय, हे सगळ्यांना सकाळीच कळलं होतं. पण बाळंतपण काही टळत नाही. दुपारी कौशल्याची सुटका झाली आणि मुलगी नीराच्या हातात आली. ती रडली नाही. खोलीतही कुणी रडलं नाही.

नीरा शहरातल्याच कारेलीबाग वस्तीतली, नर्स झालेली, आता सुईणपणाचं वरचं शिक्षण घेत असलेली. लेखी पेपरात वर्गात पहिली! आईचा मान, आईची निवड, आईची सोबत, सगळं पोपटासारखं घडाघडा म्हणायची. आणि आता डोकं सुन्न. वाईट वाटायला हवं एवढं कळत होतं, पण वाटत काही म्हणजे काही नव्हतं. स्वतःचेच हात तिला परक्याचे वाटत होते.

"आंघोळ घाल तिला," चारुलता मॅडम म्हणाल्या. तिला शिकवणाऱ्या त्याच. उभी हयात बाळंतपणांत गेलेली आणि जिभेला हाड नसलेली बाई.

नीरानं नळ सोडला.

"अगं ए, गार पाण्यानं? कोमट घे. कोपर बुडवून बघ."

"मॅडम, आता तिला काय..."

"जिवंत असलं तर बाळ, नाहीतर गाठोडं, असं शिकवलं होतं का मी?"

नीरानं मुकाट्यानं गरम पाणी मिसळलं आणि कोपर बुडवलं. उगाच सोपस्कार, असं तिच्या मनात आलं. तिनं मुलीला न्हाऊ घातलं, पुसलं, मऊ कपड्यात गुंडाळलं.

तेवढ्यात शेजारच्या खोलीतली बाई अडली म्हणून मॅडमना बोलावणं आलं. जाता जाता त्या म्हणाल्या, "बाळाला बघायचं की नाही, ते कौशल्या ठरवेल. तू नाही, मी नाही, बाहेरचे तर नाहीच नाही. विचार, आणि थांब."

बाहेरचे दाराशीच उभे होते. कौशल्याची सासू पुढे आली. "बेन, द्या इकडे," ती गुजरातीत म्हणाली. "तिला दाखवू नका. एकदा तोंड पाहिलं की जन्मभर डोळ्यांपुढून हलणार नाही. माझंही पहिलं असंच गेलं होतं. मला कुठं दाखवलं? निभावलंच ना मी!"

देऊन टाकावं आणि मोकळं व्हावं, असं नीराला वाटलं. घेणारे हात समोरच होते.

"आधी तिला विचारते," ती म्हणाली.

कौशल्या भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"बेन, मुलीला बघायचंय?"

नीरा बाळाला घेऊन स्टुलावर बसली. देवाची मर्जी, पुन्हा होईल, असलं काही बोलण्याइतकंही त्राण तिच्यात नव्हतं. बरंच झालं म्हणा! पंखा फिरत होता. सासू दारात चुळबुळत होती.

बऱ्याच वेळानं भिंतीकडूनच आवाज आला, "बेन, पाणी गरम हतुं ने?"

म्हणजे आंघोळ हिनं ऐकली होती. नळाचा आवाजसुद्धा.

"हो, कोमट होतं. मी कोपर बुडवून पाहिलं," नीरा म्हणाली. मॅडम ओरडल्या नसत्या तर आता काय सांगितलं असतं हिला? सकाळपासून पहिल्यांदाच तिला काहीतरी वाटलं, आणि ती भीती होती.

कौशल्या वळली. तिनं हात पुढे केले.

नीरानं मुलीला तिच्या कुशीत ठेवलं. कौशल्यानं कपडा बाजूला केला, एकेक बोट उलगडून पाहिलं, कपाळावरचं ओलं जावळ मागे सारलं. नीराला रडू आलं. तिनं ते येऊ दिलं आणि जागची हलली नाही.

सासू दारातून आत आली. आता मागेल, म्हणून नीरा सावरून बसली. पण ती खाटेच्या पायाशीच थांबली.

"कौशल्या," तिनं विचारलं, "मी बघू? तू म्हणशील तरच."

कौशल्यानं सरकून तिला जागा करून दिली. म्हातारी टेकली. मुलीचं पाऊल तिनं ओंजळीत धरलं आणि कितीतरी वेळ सोडलं नाही.

"माझा मुलगा होता," ती म्हणाली. "कसा होता ते मला कुणी सांगितलंच नाही."