बेक्वेच्या वाटेवरचा पस्ताना

"मुंबई ते लंडन. लंडनला विमान बदलायचं. मग बार्बाडोस. तिथून लहान विमानानं सेंट व्हिन्सेंट आणि मग फेरी बोटीनं तासभर बेक्वे." डिंकाचे लाडू वळता वळता लतिकाबाईंनी पुन्हा एकदा घोकलं. "बरोबर ना हो?"

"मला काय विचारतेस? मी चाललोय का?" ढुंढिराजांनी पंचांगातून डोकं वर काढलं नाही.

ते चालले नव्हते, हाच तर सगळा घोळ होता. कॅरिबियन समुद्रात ग्रेनेडाइन्स नावाची बेटांची एक माळ आहे. त्यातल्या बेक्वे नावाच्या निवांत बेटावर त्यांची एकुलती एक लेक स्वानंदी राहत होती. सेंट व्हिन्सेंटच्या मेडिकल कॉलेजात शिकवायला म्हणून गेली आणि बोटी दुरुस्त करणाऱ्या केल्विनशी लग्न करून मोकळी झाली. रामकुंडावर पिढ्यान् पिढ्या पौरोहित्य करणाऱ्या घरातली मुलगी! त्या दिवसापासून ढुंढिराजांनी तिच्याशी बोलणं टाकलं, त्याला सहा वर्षं होऊन गेली.

आता स्वानंदीचे दिवस भरत आले होते आणि लतिकाबाई तिच्या बाळंतपणाला निघाल्या होत्या. आजवर पुण्यापलीकडे त्या एकट्या कधी गेल्या नव्हत्या. 'तुम्हीही पासपोर्ट काढा' म्हणून त्यांनी नवऱ्याच्या कानीकपाळी किती ओरडावं! 'समुद्र ओलांडणं आमच्यात नाही,' हे एकच उत्तर. अमेरिकेतल्या यजमानांची श्राद्धं व्हिडिओ कॉलवर सांगताना मात्र त्यांना मधला समुद्र कधी आडवा आला नव्हता.

"बुधवारी अमावस्या आहे," ढुंढिराज म्हणाले. "गौरांगला तारीख बघून तिकीट काढता आलं नाही?"

"अहो, तुमचाच पुतण्या तो, त्यालाच विचारा. आणि विमानं अमावस्येलाही उडतात."

"उडू देत. सोमवारी सकाळी मुहूर्त चांगला आहे. पस्ताना ठेवू."

मुहूर्तावर निघणं जमत नसेल, तर प्रवाशाची एखादी वस्तू तांदूळ, सुपारी, हळकुंडासह फडक्यात बांधायची आणि जायच्या दिशेला शेजारच्या घरी नेऊन ठेवायची. माणूस मुहूर्तावर निघाला, असं मग धरलं जातं. जाताना तो पस्ताना तिथून उचलायचा नि पुढं जायचं. घरात परत आणायचा नाही.

सोमवारी लतिकाबाईंनी एक खण काढून दिला. बांधाबांध ढुंढिराजांनी देवघरात बसून स्वतःच केली आणि पश्चिमेकडच्या फ्लॅटमध्ये, शुभांगीकडे, स्वतःच नेऊन ठेवली. लतिकाबाईंना मनातून संताप आला. लेकीशी बोलायला तोंड उघडत नाही आणि थाट मात्र केवढा मुहूर्ताचा! पण निघायच्या तोंडावर वाद नको म्हणून त्या गप्प बसल्या.

बुधवारी दुपारी टॅक्सी फाटकाशी येऊन उभी राहिली. ढुंढिराजांनी बॅगा डिकीत नीट लावल्या. तेवढ्यात शुभांगी लगबगीनं खाली आली. तिच्या दोन्ही हातांत एकेक पुरचुंडी होती.

"काकू, हा तुमचा. आणि हा काकांचा."

"काकांचा?"

"काकांनी दोन आणून दिले ना. मला वाटलं, दोघंही चाललात."

लतिकाबाईंनी दुसरी पुरचुंडी चाचपली. गाठीतून ढुंढिराजांच्या उपरण्याचा काठ बाहेर आला होता. त्यांना एकदम भरून आलं.

"पासपोर्ट नाही, तिकीट नाही, आणि पस्ताना ठेवलात होय?" त्या म्हणाल्या.

ढुंढिराज टॅक्सीच्या टायरकडे बघत राहिले. "मुहूर्त चांगला होता," ते पुटपुटले. शुभांगी दुसरी पुरचुंडी त्यांच्या हातात द्यायला गेली, तसे ते मागे सरले. "नको, नको. ठेवलेला पस्ताना घरात नेत नाहीत. राहू दे तुझ्याकडेच."

लतिकाबाईंचा फोन वाजला. स्वानंदीचा व्हिडिओ कॉल. तिकडे नुकतं उजाडलं होतं आणि ती खिडकीपाशी बसली होती.

"आई, निघालीस का गं?"

लतिकाबाईंनी फोन नवऱ्याच्या हातात दिला. ढुंढिराजांनी तो घेतला, पण धरावा कसा हेच त्यांना समजेना. लेक अंगानं भरली होती, डोळ्यांखाली काळं आलं होतं. तीही बघतच राहिली.

"बाबा?"

टॅक्सीवाल्यानं घड्याळ पाहिलं, पण हॉर्न वाजवला नाही. ढुंढिराजांनी दोनदा घसा साफ केला.

"पोरी, निघालोय मी. सोमवारीच निघालोय. पोचायला जरा वेळ लागेल."

स्वानंदीनं ओढणीनं चेहरा पुसला.

"सावकाश या, बाबा," ती म्हणाली.