मऊ तबकडी

रविवारी दुपारी ग्रामोफोनच्या तबकड्यांची बैठक बसली की त्या घरात श्वाससुद्धा परवानगी काढून घ्यावा लागे. खिडक्या बंद, कारण धूळ. पंखा बंद, कारण घरघर. त्यात जमीन लाकडी, पाऊल पडलं की सुई उडायची. म्हणून तबकडी फिरत असताना जिथं असाल तिथंच खांबासारखं उभं राहायचं. घरातली बाई हे इतकी वर्षं करत आली होती की आता तिला कुणी सांगावंही लागत नव्हतं.

बैठकीला तिचा नवरा, दातांचे डॉक्टर आणि निवृत्त पोस्टमास्तर. जॅझच्या अगदी सुरुवातीच्या काळातल्या गायिकांवर तिघंही जीव टाकायचे. मतं मात्र ठाम. जी नाव कमावून सुखाला लागली, ती कामातून गेली. जिनं एक-दोनच तबकड्या गायल्या, हाल काढले आणि वेळेवर मेली, ती खरी. "दुःखाशिवाय आवाजाला धार येत नाही," असं डॉक्टर म्हणायचे, तेही बिस्किटातलं क्रीम चाटत. पोस्टमास्तर तर मागचा ट्रम्पेट जरा जोरात वाजला की गाणाऱ्या बाईची बाजू घेऊन असे भांडत, जणू त्यांची मुलगीच सासरी छळली जातेय.

आज मात्र घरातल्या बाईचा जीव त्या खोलीत अडकला होता. लग्नाआधी ती एका हॉटेलातल्या बँडबरोबर गायची. तेव्हा नवऱ्यानं एका स्टुडिओत तिची एकच तबकडी करून घेतली होती. मऊ तबकडी, दर वेळी सुई फिरली की आवाज थोडा खरवडला जायचा. नव्या नवलाईत त्यानं ती रोज वाजवली, आणि मग जपायची म्हणून कुलपात ठेवली. पुढे तिच्या घशाचं ऑपरेशन झालं, आवाज गेला तो गेलाच, उरली नुसती हवा. तेव्हापासून ती एकच मागत होती, एकदा लाव. आज सकाळी तो म्हणाला होता, "लावतो. त्या दोघांनाही कळू दे, कोण गातंय ते." तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं.

ती चहाचा ट्रे घेऊन दारात आली आणि तबकडी सुरू झाली. तिथंच ती थांबली. खरखरीमागून ती स्वतः गात होती, तरुण, बेफिकीर, श्वास पुरेल की नाही याची पर्वा न करता. तिला रडू फुटलं, पण डोळे पुसायला हात मोकळा नव्हता. पाऊल हललं असतं तर तिच्याच आवाजावर ओरखडा उठला असता.

"अहाहा!" तबकडी संपताच डॉक्टर म्हणाले. "पंचवीस सालाच्या पुढची नाही ही. खरखर ऐकलीत ना?"

खरखर नवऱ्यानं प्रेमानं केलेली होती. पण खरखरीवरून साल काढायचं, असा या मंडळींचा शिरस्ताच होता.

"कुठं मिळाली हो? आमच्या कशी कानावर आली नाही?" पोस्टमास्तरांना हेवा लपवता येईना.

नवऱ्यानं तिच्याकडे पाहिलं. तिनं मानेनंच म्हटलं, सांग ना. पण पोस्टमास्तरांना आपला हेवा वाटावा, हे त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

"जुन्या बाजारात," तो म्हणाला.

"मेली असणार लवकर," डॉक्टरांनी परस्पर निकाल लावला. "बरंच झालं. जगली असती तर घसा बसला असता, कोण ऐकणार होतं?"

"हो," नवरा म्हणाला. "लवकरच गेली."

त्यानं घाईघाईनं दुसरी तबकडी लावली आणि बोट वर केलं. म्हणजे आता चिडीचूप.

ती दारातच अडकली होती. चहावर साय धरत होती. होतं नव्हतं ते सगळं बळ घशात आणून ती म्हणाली, "ती मी आहे."

नुसती हवाच बाहेर पडली. डॉक्टरांनी डोळे न उघडता, अगदी प्रेमानं, ओठांवर बोट ठेवलं. "श्श, वहिनी. सुई आहे."

नवऱ्याला मात्र ऐकू गेलं होतं. त्याचा हात सुईपर्यंत गेला, क्षणभर थांबला, आणि मग त्यानं बशीतलं बिस्किट उचललं.