दुखण्याचं नाव

तिने कात्री घेतली आणि नव्या कुर्त्याचा गळा समोरून चांगला वीतभर उभा कापला. मग दोन्ही हातांनी गळा ताणून धरत, डोकं अलगद खाली घालून, केसांना न शिवता तो अंगात चढवला. चिरलेल्या जागी दोन पिना लावल्या.

"अगं, परवाच आणलेला ना हा?" सासूबाई दारात उभ्या होत्या.

"घालताना केसांना लागतो, आई."

"कापड लागतं?"

ती पिना नीट करत राहिली. सासूबाईंनी जवळ येऊन चिरलेली कड बोटांनी चाचपली.

"माझंही डोकं दुखायचं हो. पण तेव्हा माझी पोरं लहान. दुखणं काढायला वेळ कुणाला होता!"

त्या टोमणा मारत नव्हत्या, हे तिला ठाऊक होतं. म्हणूनच ते जास्त लागलं.

हे सुरू केव्हा झालं, ते तिला नेमकं सांगता येत नसे, आणि प्रत्येक डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारत. एका सकाळी भांग पाडताना टाळूजवळची रुपयाएवढी जागा दुखली, रात्रभर घट्ट वेणी घालून झोपल्यावर दुखावी तशी. मग ती जागा पसरत कानामागे उतरली. मग आतूनही डोकं दुखायला लागलं. आता उशी बोचायची, शॉवरचं पाणी बोचायचं, पंख्याच्या वाऱ्याने केस हलले तरी मुळं ठणकायची. डोळे तपासून झाले, दात झाले, मान झाली, रक्त तर कितीदा. सगळं उत्तम.

बिस्किटांच्या कारखान्यात ती पॅकिंगच्या पट्ट्यावर नजर ठेवायची. तिथे इलॅस्टिकच्या टोपीशिवाय आत पाऊल टाकता येत नसे. ते इलॅस्टिक दिवसभर डोक्याभोवती तापलेल्या तारेसारखं बसायचं. जेवणाच्या सुट्टीत सगळ्याजणी टोपी काढून डोकं खाजवायच्या, गप्पा मारायच्या. ती मात्र मागच्या जिन्यावर उभी राहायची, एकटी, हात खिशात खुपसून, कारण हात मोकळे राहिले की डोक्याकडे जात. घरी आल्यावरही तिला एका जागी बसवत नसे. खुर्चीतून पलंगावर, पलंगावरून गॅलरीत. उगाच कपाट उघडायचं, बंद करायचं.

"जरा टेक ना गं," नवरा म्हणायचा. आणि मागच्या आठवड्यात, रक्ताचा रिपोर्ट बघून, तो म्हणाला होता, "सगळं चांगलं आलं की तुझं तोंड का उतरतं, तेच मला कळत नाही."

त्यानंतर दोघंही कामापुरतंच बोलत होते.

आज मेंदूच्या स्कॅनचा निकाल होता. नवरा मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायचा आणि त्यांची गाडीही तिथलीच, शिकाऊ लोकांची, डावीकडेही ब्रेक असलेली. एरवी गाडी चालवताना तो सगळ्या जगाला शिव्या घालायचा. आज गप्प होता. प्रत्येक गतिरोधकाआधी गाडी इतकी हळू करत होता की मागचे हॉर्न वाजवून हैराण झाले.

डॉक्टर तरुण होती आणि मनापासून खूश झाली होती.

"अगदी स्वच्छ आहे स्कॅन. काळजीचं काहीही नाही."

"पण दुखतंय," ती म्हणाली.

"हो, तसं होतं कधीकधी. ताण असतो मनावर." डॉक्टरने नवऱ्याकडे पाहिलं. "घरी सगळं ठीक आहे ना?"

"घरी ठीक आहे," तो म्हणाला. "डोकं दुखतंय तिचं."

हे तो जरा मोठ्याने बोलला. डॉक्टरने आणखी एक गोळी लिहून दिली आणि पुढच्या महिन्यात भेटू म्हणाली.

गाडीत बसल्यावर त्याने किल्ली लावली, पण फिरवली नाही. ती शेजारची काच खाली करत होती, पुन्हा वर करत होती.

"मला वाटलं होतं, या वेळी काहीतरी निघेल," तो समोर बघत म्हणाला. "स्वतःचीच लाज वाटली. पण वाटलं."

तिचा हात बटणावर थांबला. हेच तिलाही वाटत होतं, आणि ते कुणाला सांगण्यासारखं आहे असं तिला कधी वाटलं नव्हतं.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. सासूबाईंचा आवाज कानाला न लावताही ऐकू येत होता.

"काय म्हणाले रे? निघालं का काही?"

त्याने बायकोकडे पाहिलं.

"निघालं," तो म्हणाला.

ती वळून त्याच्याकडे बघत राहिली.

"नसेचं आहे, आई. डोक्याच्या कातडीखाली असते ना, तिचं. नाही, जिवाला धोका नाही. पण दुखतं. फार दुखतं त्यात माणसाला. हो, कापडसुद्धा लागतं. नाव लांबलचक आहे, घरी आल्यावर सांगतो."



"अगंबाई," सासूबाई म्हणाल्या. आवाज एकदम खाली आला होता. "आणि मी मेली सकाळी काय बोलून बसले. तिला म्हणावं, आल्या आल्या आडवी हो. मी बघते सगळं."

त्याने फोन ठेवला.

"खोटं कशाला सांगितलंस?"

"दुखतंय ते खोटं आहे का?"

समोर एक माणूस गाडी मागे घेताना तिसऱ्यांदा चुकला, तरी नवऱ्याने त्याला काही ऐकवलं नाही.

"नाव विचारतील त्या," ती म्हणाली.

"विचारणारच."

"पाठ करतील. शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगतील."

"मग नीट ठरवायला हवं. हळू चालवतो, वाटेत सुचेल काहीतरी."

तिला हसू फुटलं. हसताना कपाळ ताणलं गेलं आणि कानामागून सणसणीत कळ गेली. तिने डोळे घट्ट मिटले, पण हसणं काही आवरेना.

"नावाच्या शेवटी 'आयटिस' पाहिजे," ती कशीबशी म्हणाली. "त्याशिवाय त्यांचा विश्वास बसायचा नाही."