टेस्टवाल्याच्या देगा

सकिनाच्या लग्नात बटाट्याचा पुलाव होता! महाडात अजून कुणी ही गोष्ट सांगायला घेतली, की तिथूनच सुरुवात करतो. मुरादमामूंची एकुलती एक मुलगी, मामू अर्धं आयुष्य कुवेतला राबून आलेले, वऱ्हाड थेट पनवेलहून आलेलं, आणि दस्तरखानावर काय, तर बटाट्याचा पुलाव आणि मसूरची आमटी. मटणाचा तुकडा म्हणून नाही. नवऱ्याकडच्या बायका चमच्याने पुलाव उकरून बघत होत्या, खाली तरी काही सापडतंय का.

उमैमा म्हणजे मामूंची भाची. पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये नोकरी, त्याच सकाळी वरंध घाटाने उतरून आली होती, त्यामुळे तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. ती आपल्या आईजवळ, रिझवानाजवळ, जेवायला बसली, तेवढ्यात नवरीचा भाऊ अर्शद पाण्याचा जग घेऊन आला.

"खा गो इंजिनीअर, बटाटा खा," तो बोलला. "मटण टेस्टवाल्याकडं हाय."

"कुणाकडं?"

"हमीद टेस्टवाला. मुंबयची कायतरी मोठी पार्टी हाय. जमातीच्या सगळ्या देगा त्याच्या नावावर. आजच्या पण, उद्याच्या पण, परवाच्या पण. रोजच लगीन हाय त्यांच्याकडं!"

उमैमाचा घास हातातच राहिला. कारण हमीद टेस्टवाल्याला अख्ख्या जगात एकच माणूस ओळखत होतं, आणि ते माणूस म्हणजे ती स्वतः.

आता झालं होतं काय, ते ऐका. मशिदीमागच्या खोलीत जमातीच्या देगा, म्हणजे मटण-पुलाव शिजवायची भांडी, असतात, एकेका देगेत पोर बसून आंघोळ करेल एवढ्या मोठ्या. कुणाचंही कार्य असो, तिथूनच न्यायच्या. नियम एकच, तो मोहल्ल्यातल्या पोराटोरांना पाठ: लग्न होवो नाहीतर मोडो, पाहुणे येवोत न येवोत, देग घासून जागेवर परत आली पाहिजे. चावी अझीमचाचांकडे. आधी सगळा हिशोब चाचांच्या डोक्यात असायचा, पण दोनतीनदा एकाच दिवशी दोघांना कबूल झाल्या, भांडणं झाली, म्हणून उमैमाने हौसेने जमातीसाठी बुकिंगचं ॲप बनवलं. चाचांच्या हातात टॅब दिला, आणि माईक घेऊन सगळ्यांसमोर बोलली, "आता तोंडी काही नाही. टॅब सांगेल तेच खरं." टाळ्या पडल्या होत्या!

गुरुवारी संध्याकाळी पुण्यात बसून तिने ॲप तपासायचा एक छोटा प्रोग्राम लिहिला. त्याने काय करायचं, तर हमीद टेस्टवाला या खोट्या माणसाच्या नावाने सगळ्या देगा घ्यायच्या, मग आणखी एक मागून बघायची, ॲप नाही म्हणतंय का ते तपासायचं, आणि शेवटच्या ओळीत सगळ्या देगा सोडून द्यायच्या. तारीख तिने विचार न करता शनिवारची टाकली, नेमकी लग्नाची, आणि झालं असं की तपासणीतच प्रोग्राम आपटला. आणि मध्येच आपटलेला प्रोग्राम शेवटच्या ओळीपर्यंत जातो कशाला? देगा अडकून राहिल्या. तिने पुढची तारीख टाकून परत चालवला, परत आपटला. मग त्याच्या पुढची. वैतागून लॅपटॉप मिटला, रविवारी बघू म्हणाली. ॲपची वेगळी कॉपी करून त्यावर तपासायचं असतं, हे काय तिला माहीत नव्हतं? कंटाळा केला, दुसरं काय.

इकडे शुक्रवारी अझीमचाचा मामूंचं नाव टाकायला गेले, तर टॅब म्हणतो सगळ्या देगा बुक. चाचांनी मामूंना तोंडी कबूल केल्या होत्या, पण आता तोंडी काही नाही ना! चाचांनी टेस्टवाल्याचा नंबर लावला, लागेना. मामू भडकले, "देगा खिडकीतून दिसतायत, उघड दार!" चाचा बोलले, "त्याचीपण अमानत हाय, मुराद. तो आला तर मी काय तोंड दाखवू?" मग मामूंनी रागाने टेम्पो काढला आणि पोलादपूर ओलांडून कापड्याला गेले, त्यांचा शाळेतला दोस्त भागोजी तिथला. भागोजीने गावकीची भांडी काढून दिली, पण हात जोडून बोलला, "मुराद, देवाच्या भंडाऱ्याची हायत. मटण तेवढं नको शिजवू." मामूंनी शब्द दिला, आणि पाळला. म्हणून बटाटा.

"जेवण झाल्यावर अझीमचाचाची चावी काढून घेणारायत," अर्शद बोलला. "सगळे बोलतायत, मुंबयच्या पार्टीकडून खाल्लंन त्यानं. बघ ना, जेवायला पण आला नाय. तोंड कुठं हाय दाखवायला?"

उमैमा उठली. हात न धुताच मोरीत गेली, कडी लावली, मोबाईल काढला आणि टेस्टवाल्याची सगळी बुकिंगं पुसून टाकली. आज, उद्या, परवा, सगळी. सुटले, असं तिला वाटलं. खरंच वाटलं, ते एक मिनिट.

बाहेर आली तर मांडवात खुर्च्या ओढून वडीलधारी बसलेली, आणि चाचांना बोलावून आणलं होतं. ते सकाळपासून मशिदीमागे देगांच्या दाराशी बसून होते, चावी हातात धरून. जमातीच्या सेक्रेटरींनी आधी ती चावी काढून घेतली, मग टॅब घेतला. "दाखव तुझा टेस्टवाला."

टॅब उघडला. सगळं मोकळं.

"कुठाय?" सेक्रेटरी बोलले. "इथं तर कुणाचंच नाव नाय, अझीम!"

"काल होतं," चाचा बोलले. त्यांनी टॅब हातात घेतला, बोटाने वर सरकवला, खाली सरकवला, उलटा करून मागची बाजू बघितली. "अल्लाची शप्पथ, होतं. सकाळीपण होतं."

कुणीतरी हसलं. मामू हसले नाहीत, त्यांनी फक्त मान फिरवली, आणि ते हसण्यापेक्षा वाईट होतं.

तेव्हा कुठे उमैमाला कळलं आपण काय पुसलं. खोट्या माणसाबरोबर चाचांचा खरेपणाच पुसून बसलो होतो आपण. आई मागून हात धरून "गप बस, नवऱ्याकडची माणसं हायत" असं कुजबुजत होती. पण ती पुढे गेली.

"चाचा खरं बोलतायत," ती बोलली, आवाज असा बारीक की तिला दुसऱ्यांदा बोलावं लागलं. "टेस्टवाला होता. मी बनवला होता. तपासायला. आणि आत्ता मीच पुसला, मोरीत जाऊन."

चाचांनी टॅब खाली ठेवला.

"म्हणजे," मामू सावकाश बोलले, "देगा रिकाम्याच होत्या?"

"हो मामू."

"सगळ्या?"

"सगळ्या."

मामूंनी समोरच्या ताटातल्या बटाट्याकडे बघितलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. चाचांनी मात्र भलतंच विचारलं.

"तो येणारच नव्हता का गो? मी सकाळपासून वाट बघतोय त्याची."

सेक्रेटरींनी चावी चाचांपुढे धरली, तर चाचा बोलले, "टॅबला द्या. तोच खरा ना?" आणि निघून गेले, न जेवता.

संध्याकाळी उमैमाने लग्नाच्या कपड्यांतच गावकीची भांडी घासली, राख लावून, कोपरापर्यंत काळी होऊन. दुसऱ्या दिवशी टेम्पोत बसून कापड्याला परत करायला गेली. भागोजीची बायको ठकूबाई कौतुकाने बोलली, "भांडी एवढी लखलखीत? नवरीकडची दिसतीस." उमैमाला तेसुद्धा लागलं.

मग पुण्याला जायच्या आधी तिने तो प्रोग्राम बदलला. वेगळ्या कॉपीवर नेला, आणि देगा सोडायची ओळ अशा जागी ठेवली, की तपासणी पास होवो नाहीतर मध्येच आपटो, ती चालणारच. लग्न मोडलं तरी देग परत! लहानपणापासून पाठ असलेली गोष्ट, आणि लिहिताना तेवढी आठवली नव्हती.

सांगायला ती मशिदीमागे गेली. दार उघडं होतं, चावी कुलपात लटकत होती, चाचा आत देगा पालथ्या घालत होते. ती उंबऱ्यावरच थांबली. त्यांनी वळून बघितलं नाही.

"टेस्टवाल्यांकडं परत लगीन निघालं," ते बोलले, "तर मला आधी फोन कर गो. उगीच उपाशी बसायला नको."

तिला हसायला येईना. तिने आत जाऊन दुसऱ्या बाजूने देग धरली.